बिनपगारी चेअरमन

सेकंडहँड व्हॅन घेणाऱ्याची फसगत मीटर मागे फिरवल्यामुळे होत नाही, की सडलेल्या पत्र्यावर रंग मारल्यामुळे होत नाही. असल्या लबाड्या सोबत नेलेला मिस्त्री पाच मिनिटांत हुडकून काढतो. खरी फसगत शब्दाची असते. घेणाऱ्याला वाटतं, आपण गाडी घेतोय. पण मारुती ओमनी, किंवा तिच्यामागून आलेली ईको, ही चौथ्या-पाचव्या हाती आली की गाडी उरतच नाही. ती आरटीओत नोंदलेली सहकारी संस्था होते. आरसी बुकावर ज्याचं नाव चढतं तो मालक नव्हे, चेअरमन. तोही बिनपगारी, बिनभत्त्याचा आणि बिनविरोध निवडून आलेला, कारण दुसऱ्या कुणी अर्जच भरलेला नसतो. हे ज्याला उमगलं त्याला जुन्या व्हॅनचं पालनपोषण जमतं. ज्याला उमगत नाही तो दोन पावसाळे काढतो आणि मिळेल त्या भावात तिला फुंकून टाकतो.

या रूपांतराचं मूळ तिच्या जन्मातच आहे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या वर्षी तिच्याच ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर मारुती व्हॅन आली. ओमनी हे नाव तिला १९८८ साली मिळालं. इंजिन एकच, पण संसार दोन. ८००मध्ये नवरा, बायको, दोन मुलं आणि एक सूटकेस एवढंच सुखानं मावत होतं. कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाला चाकं लावावीत तशी ती गाडी. व्हॅन मात्र सुझुकीच्या कॅरी या मालवाहू कुळातली. लांबी साडेतीन मीटरच्या आत, रुंदी पाच फुटांच्या आत, आणि एवढ्याशा खोक्यात कंपनीनं कुठे पाच तर कुठे आठ माणसांची सोय केलेली. हा आठाचा आकडा आपल्याकडे मंडईतल्या पहिल्या भावासारखा समजला गेला. बोलणी तिथून सुरू होतात. लहान मूल धरत नाहीत, मांडीवरचं तर नाहीच नाही, आणि आजी ‘मी काय, कोपऱ्यात बसेन’ असं म्हणाली की तीसुद्धा हिशेबातून बाद होते.

लहान गाडीची सर्वांत मोठी सोय कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. ती सोय म्हणजे ‘जागा नाही हो’ हे वाक्य. त्या तीन शब्दांत कित्येक लग्नं, बारशी, तेराव्याची जेवणं आणि गाणगापूरच्या वाऱ्या टळतात, आणि कुणाचं मन दुखावत नाही, कारण दोष माणसाचा नसतो, गाडीच्या मापाचा असतो. व्हॅन आली की हे वाक्य कायमचं जातं. नाही म्हणायचं झालं तर आता खरं कारण द्यावं लागतं आणि मराठी नातेसंबंध खरं कारण झेपतील इतके मजबूत कधीच बांधलेले नसतात. म्हणून माणूस नाही म्हणतच नाही. भावकीतल्या प्रत्येक प्रसंगाच्या यादीत आचारी, भटजी, मांडववाला यांच्या ओळीत ‘व्हॅन’ असं लिहिलं जातं. व्हॅनवाल्याचं नाव लिहायची गरज नसते.

१९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे संस्था नोंदवायला किमान दहा व्यक्ती लागतात आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या असाव्या लागतात. व्हॅन पहिली अट पहिल्याच रविवारी पुरी करते. दुसरीत ती कमी पडते, कारण दहाही जण एकाच आडनावाचे निघतात. बाकी सहकाराची लक्षणं सगळी जुळतात. प्रत्येक सभासदाला एक मत असतं आणि रस्ता कुठला घ्यायचा यावर तो ते देतो. चहाला कुठे थांबायचं यावर वार्षिक सर्वसाधारण सभा भरते, ती हॉटेल मागे पडेपर्यंत चालते. तोट्यात वाटेकरी मात्र एकच. पेट्रोलचा विषय निघाला की अत्यंत निरागस चेहऱ्यानं कुणीतरी सांगतं की पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारणं हा गुन्हा आहे, तेव्हा पैसे देऊन तुम्हाला अडचणीत कशाला आणायचं? मोटार वाहन कायद्यातलं एवढंच कलम साऱ्या नातेवाइकांना तोंडपाठ असतं.

कुणी म्हणेल, हे सारं माणसांच्या स्वभावाबद्दल झालं, यात गाडीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पुढच्या सीटखाली आहे. ओमनीचं इंजिन तिथे बसवलेलं आहे. एरवीच्या गाडीला बॉनेट असतं. ते उघडायचं, आत डोकं घालायचं आणि बाकीच्यांनी काच वर करून गाणी ऐकत बसायचं, अशी त्या गाडीतली कामाची वाटणी. ओमनीत प्लग बघायचा झाला तरी पुढच्या माणसाला उठवावं लागतं, सीट उचलावी लागते, सीटवरचा नारळ आणि हार कुणाच्या तरी हातात द्यावा लागतो. म्हणजे साधी तपासणीसुद्धा लोकसहभागाशिवाय होत नाही. शिवाय इंजिनाची तब्येत पुढच्या दोघांना बसल्या जागी कळते. तापमानाचा काटा वर चढायच्या आत चेअरमनला ती बातमी खालून पोचलेली असते. घाटात अर्ध्यावर गाडी उकळली की सगळे उतरतात, कुणी दगड लावतं, कुणी बाटली पुढे करतं आणि कुणीतरी गरम रेडिएटरचं झाकण उघडायला धावतं. त्याला वेळीच धरून ठेवणं हे चेअरमनच्या कर्तव्यांत सर्वांत महत्त्वाचं. इथे बाटलीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलं की आत क्षार साठतात, गंज धरतो, बारीक नळ्या बुजतात, गाडी आणखी तापते आणि शेवटी हेड गॅस्केट जातं. पाण्याच्या बाटलीतून केलेली बचत अशी हेड उतरवण्याच्या बिलातून परत येते. सहकारात याला मागील पानावरून पुढे असं म्हणतात.

रचनेचे पुरावे आणखीही आहेत. मागची चाकं पाट्यांवर बसवलेली, म्हणजे मालवाहू वंशाची खूण. मागे माणसं वाढली की पाटे दबतात, शेपूट खाली जाते, नाक वर येतं आणि रात्री हेडलाइटचा प्रकाश रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडतो. घुबडं बघायला ही उत्तम व्यवस्था आहे. खड्डे बघायला नाही. सरकतं दार हा तर स्वतंत्र अध्याय. त्याचे रोलर पन्हाळीसारख्या पट्टीतून धावतात, त्या पट्टीत चिखल, चुरमुरे आणि चॉकलेटचे कागद साठतात, रोलर झिजतात, दार खाली बसतं आणि मग ते लावण्याची एक घराणेशाही पद्धत तयार होते. आधी थोडं उचलायचं, मग मागे घ्यायचं, मग जोरात. ही पद्धत नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात शिकवली जाते. हिंदी सिनेमानं याच दारामुळे ओमनीला अपहरणाची गाडी म्हणून बदनाम केलं: व्हॅन सरपटत येते, दार सरकतं, नायिकेची बहीण आत ओढली जाते. ज्यांनी घरची व्हॅन सांभाळली आहे त्यांना हे दृश्य फार खोटं वाटतं. एक तर दार इतक्या सहज सरकत नाही. आणि माणसांना आत ओढावं लागतं ही कल्पनाच त्यांच्या अनुभवाच्या उलट आहे. त्यांची सारी शक्ती बाहेर काढण्यात जाते.

आता हिशेबाचा आक्षेप. जुन्या व्हॅनवर वर्षाला जेवढा खर्च होतो तेवढ्यात वर्षातून चार वेळा मोठी गाडी भाड्यानं आणता येईल, असं शहाणी माणसं सांगतात. कागदावर ते खरंही ठरेल. समजा, क्लच प्लेट, मागचे पाटे, प्रोपेलर शाफ्टचा वाजणारा क्रॉस, एक बॅटरी आणि किरकोळ टिंकरिंग धरून वर्षाला ३० हजार रुपये गेले. एका मालकाच्या खिशाला ही चाट मोठी आहे. पण संस्थेच्या खात्यावर मांडलं तर आठ सभासदांत डोई ३,७५० रुपये, म्हणजे महिना ३१२ रुपये आणि वर थोडी चिल्लर. एवढ्यात आजीला दर सोमवारी दवाखान्यात नेणं, गव्हाची पोती गिरणीत टाकणं, शेजारच्या घरातला मोडका दिवाण हलवणं आणि गणपती आणणं हे सगळं येतं. भाड्याची गाडी गणपतीला येते, दिवाणाला येत नाही. शिवाय नव्या गाडीची किंमत शोरूमच्या दारातून बाहेर पडताच उतरायला लागते. वीस वर्षांच्या ओमनीला उतरायला पायरीच शिल्लक नसते. हे आठजण ते ३१२ रुपये खरोखर देतात का, असं कुणी विचारलं तर विषय थकबाकीकडे वळतो, आणि थकबाकी नसलेली सहकारी संस्था दाखवा, मग बोलू.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: मग २०१२ साली आलेली अर्टिगा का नको? तिलाही तीन रांगा आहेत, वर एसी आहे आणि इंजिन सभ्य माणसासारखं पुढे आहे. उत्तर असं की, चांगल्या गाडीत माणसं चांगली वागू लागतात. चपला झटकून चढतात, पिशवी मांडीवर घेतात, सीटला तेल लागेल म्हणून लोणच्याची बरणी घरीच ठेवतात. ही कुटुंबातली माणसं राहत नाहीत, पाहुणे होतात. जुन्या व्हॅनला ओरखड्याची भीती उरलेली नसते, म्हणून तिच्यात कुणाला संकोच वाटत नाही. कोकणातून येताना तिच्यात फणस मोकळेपणानं गडगडू शकतो. आणि ती कुठेही बंद पडली तरी चालतं. निष्काळजीपणानं म्हणत नाही; तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडमागच्या कुठल्याही गॅरेजमध्ये तिच्या इंजिनावर हात फिरलेला एक मिस्त्री असतो. त्याला लॅपटॉप लावावा लागत नाही, निदान कार्बोरेटरच्या काळातल्या ओमनीला तरी नाहीच. तो कान लावतो, ‘किती दिवस झाले असं वाजतंय?’ विचारतो आणि उत्तर ऐकून वैद्यासारखी मान हलवतो.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र चेष्टा चालत नाही. ओमनीला पुढे नाक नाही. धडक झाली तर चुरगळायला पत्रा थोडा आणि चालवणाऱ्याचे गुडघे लगेच. २०१९ साली नव्या गाड्यांना अँटी-लॉक ब्रेक, चालकासाठी एअरबॅग आणि धडक चाचणी सक्तीची झाली आणि त्याच साली कंपनीनं ओमनी बनवणं थांबवलं, जवळपास ३५ वर्षांनी. ते योग्यच झालं. इथे माझा युक्तिवाद लंगडा पडतो हे मान्य; संस्था कितीही लाडकी असली तरी इमारत धोकादायक असू शकते. म्हणून चेअरमनला एकच हुकूमशाही अधिकार हवा आणि तो त्यानं निर्दयपणे वापरावा: आरसी बुकावर जेवढी माणसं लिहिली तेवढीच, पट्टे आहेत तिथे बांधलेले, एक्स्प्रेसवेचा नाद नाही आणि रात्रीचा प्रवास नाही. वेगाची काळजी करायचं कारण नसतं. चाळिसाच्या आतली अश्वशक्ती, चार गिअर आणि मागे अख्खं आजोळ, एवढं असलं की संयम आपोआप येतो. उरलेल्या माणसांना एसटी आहे. तिच्यातही त्यांना आपलीच माणसं भेटतील.

राहता राहिली कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी. २००४ सालच्या व्हॅननं २०१९ आणि २०२४ अशा दोन परीक्षा दिल्या असतील, तिसरी २०२९ला. २०१९च्या शेवटच्या ओमनींची पहिली मुदतच २०३४पर्यंत आहे, तेव्हा संस्था इतक्यात अवसायनात निघत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी इंडिकेटर, वायपर, हॉर्न आणि हँडब्रेक हे चौघे वर्षानुवर्षांची रजा संपवून कामावर रुजू होतात, आणि परवा पुन्हा अर्ज टाकतात.

तरीही कधीतरी चेअरमन थकतो आणि जाहिरात देतो: ‘फॅमिली युज, चार टायर नवीन, इंजिन ओके.’ भावकी दोन दिवस बोलत नाही. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येतं. एकटं येत नाही. त्याचा मेहुणा, मेहुण्याच्या ओळखीचा मिस्त्री, आई, बायको आणि दोन मुलं. मिस्त्री पुढची सीट उचलतो, मेहुणा टायरला लाथ मारतो, पोरगं दार तीनदा उघडून बंद करतं आणि चौथ्यांदा ते अडकतं. मग ट्रायलसाठी सगळे आत बसतात, आई खिडकीशी. कोपऱ्यावर एक ओळखीचा माणूस दिसतो म्हणून गाडी थांबते. तो स्टँडपर्यंतच जाणार असतो. जागा आहे, असं त्याला आतून तीन-चार जण एकदम सांगतात.