सारंगखेड्याचा घोडा आणि ब्रिस्बेनचं घर

ब्रिस्बेन

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आप्पांनी विचारलं, "घर बघायला पैसे देऊन माणूस लावला म्हणे? जावयांना डोळे नाहीत का?" तेवढ्यात नेटवर्क गेलं. आपोआप गेलं की तुमच्या जावयांनी घालवलं, ते मी विचारलं नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

आप्पा, आपल्याकडे सात-बारा पाहिला, शेजारी कोण ते कळलं, दार दक्षिणेला नाही एवढी खात्री झाली की इसार देऊन मोकळे. इथे दाराची दिशा कोणी विचारत नाही, उधईचं विचारतात. करारातच अट घालतात की इमारतीची आणि किडीची तपासणी मनासारखी झाली तरच व्यवहार पुढे सरकेल. ही अट नसेल तरी क्वीन्सलँडमध्ये सही केल्यावर मन बदलायला कामाचे पाच दिवस मिळतात. मात्र विक्रेता किमतीच्या पाव टक्क्यापर्यंत रक्कम कापून घेऊ शकतो. आठ लाख डॉलरच्या घरावर दोन हजार डॉलर. आणि लिलावात घर घेतलं तर तेही नाही. हात वर केला की केला.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा तर तुम्ही दोन जाणती माणसं बरोबर नेता ना? दात बघायचे, खूर उचलायचे, भोवरा कुठे आहे ते पाहायचं. व्यापारी आपण होऊन खोड सांगत नाही, म्हणून. इथेही तसंच आहे. 1 ऑगस्ट 2025 पासून विक्रेत्याने घराचं लेखी माहितीपत्र द्यायचा कायदा आला, तर मला वाटलं, सुटलो. पण त्या कागदावरच लिहिलेलं असतं की बांधकाम मजबूत आहे का, कीड आहे का, हे यात नाही. म्हणजे खूर आपणच उचलायचे.

आईने विचारलं होतं, झुरळं-उंदीर पण बघतात का. नाही गं. या तपासणीत फक्त लाकडाचे वैरी मोडतात. उधई, लाकडाला भोकं पाडणारे भुंगेरे आणि लाकूड कुजवणारी बुरशी. छपरात पोसम नावाचा मांजराएवढा प्राणी ऐसपैस बसलेला होता. जावई दचकून शिडीवरून उतरले. तपासनीस म्हणाला, "तो लाकूड खात नाही," आणि पुढे गेला. पोसमला इथे कायद्याचं संरक्षण आहे. आमचं मात्र अजून घराचं कर्जही मंजूर झालेलं नव्हतं.

तपासनीस परवानाधारक होता. गुडघ्याला पॅड बांधून, टॉर्च घेऊन आधी घराखालीच शिरला. हे घर जुन्या क्वीन्सलँडी पद्धतीचं आहे, लाकडी आणि खुंटांवर उभं. प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी आहे. आप्पा, तुम्ही लगेच म्हणाल की मग उधई अडली. अडत नाही. पत्रा पोखरता येत नाही, म्हणून तिला बाहेरून वळसा घालून मातीची नळी बांधावी लागते आणि ती नळी माणसाला दिसते. टोपीचं काम तेवढंच, चोराला उजेडात आणायचं. आपल्या शहाद्याच्या घरात सागाचे खांब दगडी तळखड्यावर उभे आहेत, ते आजोबांनी ओलीसाठी केलं असेल, पण खांबाच्या बुडाशी चढणारी माती त्यामुळेच तुमच्या नजरेला पडायची.

मग तो वर आला. गोळा बसवलेल्या काठीने चौकटी, कडेच्या पट्ट्या, खिडक्यांचे उंबरे वाजवत निघाला. टक, टक, टक. न्हाणीघराच्या दाराशी आवाज बदलला. ठब्ब. माझ्या पोटात गोळा. त्याने ओल मोजायचं यंत्र लावलं, मग उष्णता दाखवणारा कॅमेरा. रंग नवा, पट्टी गुळगुळीत, पण बोटाने दाबली तर पापडासारखी आत गेली. आपल्या उसाच्या हिशेबाच्या वह्या आठवल्या का? पुठ्ठा शाबूत, नाव शाबूत आणि आत सगळी माती. तशीच रीत. ही बया बाहेरचा पापुद्रा सहसा खात नाही.

अहवाल आला, जाडजूड, फोटोंसकट. जावयांनी रात्री जागून वाचला. न्हाणीघराशी जुनं नुकसान, सध्या जिवंत उधई दिसली नाही. मागच्या जिन्याखाली सरपण रचलेलं, ते हलवा. एसीचं पाणी भिंतीशी ठिबकतं, ते दूर न्या. आवारातल्या झाडाचं जुनं खोड काढा. विजेच्या मीटरच्या पेटीत जुन्या औषधफवारणीची चिठ्ठी आहे, तिची मुदत संपली. एवढं ठीक. बाकीची पानं मात्र काय काय बघता आलं नाही याचीच. कपाटामागे नाही, गालिच्याखाली नाही, भिंतीच्या आत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय तो एक खिळाही उपटू शकत नाही. "उधई नाही" असं कुठेच लिहिलेलं नाही, "त्या दिवशी दिसली नाही" एवढंच. मला विचाराल तर पैसे या वाक्याचेच होते. कारण इथल्या घराच्या विम्यात उधईचं नुकसान सहसा धरत नाहीत.

तो अहवाल पुढे करून आम्ही किंमत थोडी उतरवली. जावयांनी विक्रेत्याच्या दलालाशी घासाघीस केली, ती नंदुरबारच्या मिरची बाजारात शोभली असती. घर घेतलं. दर वर्षी तपासणी करायची, हे आता दिवाळीच्या सफाईसारखं ठरून गेलं.

दादाला सांगा, नव्या घराचा पाया भरतोय तर जोत्याची फरशी टाकण्याआधी जमिनीला उधईचं औषध करून घे. त्याला आय.एस. 6313 हे भारतीय मानक आहे, ठेकेदाराला नुसतं नाव घेतलं तरी तो सरळ बसेल. भिंती उभ्या राहिल्यावर तेच काम फरशीला भोकं पाडून करावं लागतं. आणि उसाच्या बेण्याला लावायचं औषध उरलंय म्हणून तेच अंदाजाने पायात ओतू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

तुमची लेक

ता. क. आई, सागाचं देवघर पाठवायचं म्हणतेस, पाठव. पण लाकडाची वस्तू इथे बंदरावर तपासतात, कीड किंवा साल दिसली तर अडवतात. तेव्हा आप्पांना म्हणावं, आधी तळाची फळी वाजवून बघा. ठब्ब आवाज आला तर गणपती तेवढे पाठव, देवघर दादाला दे.