दारात अडलेले कार्ड

लिनक्समध्ये मेमरी कार्ड खाचेत घातले म्हणजे काम झाले असे नाही. ते ‘माउंट’ व्हावे लागते. विंडोज प्रत्येक कार्डाला ई, एफ, जी असे एकेक अक्षर देऊन वेगळी चूल मांडून देते. लिनक्समध्ये एकत्र कुटुंब नांदते. सगळ्यांच्या मुळाशी एकच फोल्डर, आणि नव्या पाहुण्याने त्याच वाड्यातल्या एखाद्या रिकाम्या खोलीत उतरायचे. ही खोली उघडून देणे म्हणजे माउंट करणे. एरवी हे आपोआप, दोन सेकंदांत उरकते. कार्डात लग्नाचे फोटो असले आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नसली, तर मात्र पाहुणा हटकून दारातच अडतो.

तपासाची सुरुवात सर्वांत स्वस्त संशयितापासून करावी. एसडी कार्डाला साधारणपणे नऊ सोनेरी पट्ट्या असतात, मायक्रोएसडीला आठ. त्यांवर घामट बोटांचा थर बसला की बोलणेच खुंटते. मऊ, कोरड्या कापडाने त्या पुसाव्यात. फुंकर मारणाऱ्याचे समाधान होते, पण तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसते. मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये असेल तर आधी अडॅप्टर बदलून पाहावा. कार्ड रीडर फारच जुना, फक्त दोन जीबीपर्यंतच्या कार्डांच्या काळातला असेल, तर त्याला ३२ जीबीचे कार्ड वाचता येत नाही. अशा वेळी कार्डाला दोष देणे अन्यायाचे आहे.

कार्डाच्या कडेची इवलीशी ‘लॉक’ खिट्टी हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिचा आतल्या चिपशी काहीही संबंध नसतो. खिट्टी कुठे आहे हे रीडर चाचपतो आणि लिहू द्यायचे की नाही ते ठरवतो. खिट्टी तुटून पडली की रीडरला कार्ड कायमचे कुलूपबंद वाटते. तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावला की काम भागते. अर्थात, या कुलपाने लिहिणे थांबते, वाचणे नाही; कार्ड मुळीच उघडत नसेल तर खिट्टी निर्दोष आहे.

यानंतर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, जबाब घ्यावा. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की कार्ड घातल्यापासूनची हकिकत पडद्यावर येते. त्यात ‘उणे ११०’ असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की हाक मारली आणि वेळेत ओ आली नाही. पट्ट्या, रीडर किंवा कार्ड यांपैकी कोणीतरी मुके झाले आहे. हकिकत सरळ असेल तर ‘एलएसबीएलके’ने यादी पाहावी. लॅपटॉपच्या खाचेतले कार्ड बहुधा ‘एमएमसीबीएलके०’ या नावाने दिसते आणि त्याचा पहिला विभाग ‘पी१’ म्हणून. माउंट सहसा हा विभाग होतो, अख्खे कार्ड नव्हे. ३२ जीबीचे कार्ड इथे २९ किंवा ३० दिसले तर दुकानदाराकडे धाव घेऊ नये. तो हजाराने मोजतो, संगणक १०२४ने.

कार्ड यादीत दिसूनही माउंट होत नसेल, तर लिनक्स एक प्रसिद्ध संदेश देते: फाइल सिस्टिमचा प्रकार चुकला असेल, पर्याय चुकला असेल, सुपरब्लॉक बिघडला असेल, मदतनीस प्रोग्राम नसेल, किंवा अन्य काही चूक असेल. गावच्या ज्योतिषालाही इतके सुरक्षित उत्तर सुचणार नाही.

यातला पहिला तर्क पुष्कळदा खरा ठरतो. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे प्रमाणानुसार एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली असतात. ही पद्धत मायक्रोसॉफ्टची. तिचा तपशील कंपनीने २०१९ साली खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्स ५.४मध्ये तिचा पहिला ड्रायव्हर आला. त्याहून जुन्या लिनक्सवर वेगळे पॅकेज टाकावे लागते. ते नसेल तर धडधाकट कार्डही अनोळखी ठरते.

दुसरे कारण माणसाचे आहे. कॉपीची पट्टी भरली की लोक कार्ड उपटतात, पण लिनक्स बरेचसे लिखाण आधी मेमरीत ठेवून मागाहून कार्डावर उतरवते. अर्धवट राहिलेला हिशेब ‘एफएससीके’ दुरुस्त करते. मात्र ती दुरुस्ती कार्डावरच लिहून होते, म्हणून फोटो मोलाचे असतील तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि उपचार त्या प्रतीवर करावेत. एवढ्याने भागले नाही तर ‘फोटोरेक’ त्याच प्रतीतून फोटो वेचून काढू शकते. त्यात फायलींची मूळ नावे सहसा जातात, नवरा-नवरी राहतात.

फॉरमॅट हा उपाय यादीत अगदी शेवटी येतो, पण घरोघरचे जाणते भाचे सुरुवात तिथूनच करतात. फॉरमॅटने कार्ड बरे होते, फोटोंचे तसे होत नाही.

निरोपाची आज्ञा ‘यूमाउंट’. १९७१च्या युनिक्सपासून ‘अनमाउंट’मधला पहिला ‘न’ तिच्यात नाही, आणि तो कोणी परतही आणलेला नाही. ती देऊन, परवानगी मिळेपर्यंत थांबून मगच कार्ड काढावे. वर सांगितलेला निम्मा तपास त्या चार सेकंदांत वाचतो.