एकटोले

होल-इन-वन मारणाऱ्याला, म्हणजे एकाच टोल्यात चेंडू भोकात घालणाऱ्याला, गोल्फवाले दोनच प्रश्न विचारतात. पार्टी कधी? आणि किती यार्ड? पहिल्या प्रश्नाला एकटोले कधी डरले नाहीत. उभी नोकरी एका कारखान्याच्या पर्चेस खात्यात झालेली. पार्टी कुणाच्या खर्चाने व्हावी हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या सुखाला सुरुंग लावला तो दुसऱ्या प्रश्नाने.

एकटोले हे आडनाव मीच ठेवलंय, एकबोट्यांच्या शेजारी खपून जावं म्हणून. माणूस मात्र कुठेही सापडेल. पुण्याच्या कडेकडेने ज्या टाउनशिपा उगवल्या, त्यांतल्या काहींत बिल्डरला माहितीपुस्तिकेत 'गोल्फ' छापता यावं एवढ्यासाठी नऊ होलचं एक मैदान असतं. नऊही होल पार-थ्री, म्हणजे प्रत्येकी तीन टोल्यांत संपवायचे, एकूण पार २७. टी म्हणजे हिरव्या प्लॅस्टिकची चटई. ग्रीन एवढं आटोपशीर, की चौघे पटिंगला उभे राहिले तर पाचव्याने बाहेर थांबावं. एका बाजूला मुलांची घसरगुंडी, दुसऱ्या बाजूला सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाण्याचा प्रकल्प. मोठ्या क्लबात वाऱ्याची दिशा बघायला गवताची चिमूट उडवतात. इथे ती वासावरून कळते.

एकटोल्यांना गोल्फची ओळख नोकरीतच झाली होती. एका व्हेंडरने त्यांना पाहुणा म्हणून येरवड्याला, पूना गोल्फ क्लबवर नेलं. तिथे त्यांनी भराभर चेंडू झाडीत घातले. चेंडू व्हेंडरचे होते, त्यामुळे वाईट वाटलं नाही. ऑर्डरही दिली नाही. निवृत्त झाल्यावर टाउनशिपीत फ्लॅट घेतला, मेंटेनन्समध्ये गोल्फ धरलेला आहे हे बिलावर वाचलं आणि पैसे वसूल करायला ते रोज सकाळी मैदानावर जाऊ लागले. खेळाची आवड अनेकांना अशीच लागते, कबूल कुणी करत नाही.

तो रविवार होता. सहावा होल, ८४ यार्ड, हातात पिचिंग वेज. टोला मधोमध बसला नाही. चेंडू जरा ठेंगणाच उडाला, ग्रीनच्या अलीकडे पडला, एक उडी घेतली, दुसरी घेतली आणि निशाणाच्या काठीला टक्कन आपटून खाली गेला. साक्षीला आम्ही दोघे होतो, मी आणि शेजारच्या विंगमधले एक निवृत्त बँकवाले, शिवाय पाइप धरून उभा असलेला माळी. एकटोल्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्यांनी आम्हाला विचारलं, "कुठे गेला हो?" त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. माळी म्हणाला, "साहेब, बिळात." एवढी नेटकी कॉमेंट्री मी टीव्हीवरही ऐकलेली नाही.

इथे माझं एक मत नोंदवून ठेवतो, कारण पुढे एकटोल्यांची टिंगल होणार आहे. मोठ्या मैदानावर १७०-१८० यार्डांवरून मारलेला चेंडू आत जाताना पुष्कळदा दिसतच नाही. ग्रीन चढावर असतं, मध्ये बंकरचा कठडा असतो, वय झालेलं असतं. मंडळी चालत जातात, ग्रीनच्या मागे गवत चाळतात, चेंडू हरवला म्हणून हळहळतात आणि शेवटी कुणीतरी सहज भोकात डोकावतो. मग आरडाओरडा. म्हणजे आनंद होतो तो सापडल्याचा. ८४ यार्डांवरून तो जाताना दिसतो, काठीचा आवाज ऐकू येतो, अंगावर काटा जागच्या जागी येतो. त्या मिनिटापुरता छोट्या मैदानाचा एस, म्हणजे होल-इन-वन, मोठ्या मैदानाच्या एसपेक्षा कणभर जास्तच गोड असावा. पंचाईत नंतरची आहे. मोठ्या मैदानावरचा एस नुसता सांगितला की पुरतो. छोट्यावरचा समजावून सांगावा लागतो.

आणि समजावण्यात एकटोल्यांनी कसर ठेवली नाही. पेढे वाटले. चेंडू काचेच्या पेटीत बसवला. एक प्रमाणपत्र स्वतःच तयार करून छापलं, त्यावर खाली बारीक अक्षरांत 'साध्या खेळाडूला होल-इन-वन लागण्याची शक्यता १२,५०० त १' असंही टाकलं. हा आकडा गोल्फमध्ये सर्रास सांगितला जातो, व्यावसायिक खेळाडूंसाठी २,५०० त १ सांगतात. बँकवाल्यांनी प्रमाणपत्र चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "हा दर ८४ यार्डांचा आहे का?" एकटोल्यांनी पेढ्याचा बॉक्स मिटला.

थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की आपला श्रोतावर्ग फार अरुंद आहे. ज्याला गोल्फ अजिबात कळत नाही, तो "अरे वा" म्हणून पाण्याच्या टँकरकडे वळतो. ज्याला चांगलं कळतं, तो यार्ड विचारतो. उरतो तो थोडंसं कळणारा, पण फार न कळणारा माणूस, आणि अशी माणसं पुण्यात मिळणं कठीण. इथे कुठल्याही विषयात फार कळणारेच भेटतात. मग एकटोल्यांनी मापच बदललं. कुणी यार्ड विचारले की ते म्हणायचे, "दोनशे बावन्न फूट." खोटं काहीच नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात २५२ एवढाच आकडा उरायचा. पर्चेसचं शिक्षण वाया जात नाही.

वहिनींवर ही मात्रा चालली नाही. "अहो, ८४ यार्ड म्हणजे आपल्या गेटपासून इस्त्रीवाल्यापर्यंत. मी रोज कपडे घेऊन जाते, मला कुणी पेढा देत नाही." यावर एकटोले म्हणाले की इस्त्रीवाल्याचं दुकान १०८ मिलिमीटरचं नाही. हे उत्तर मला आवडलं. मुद्दाही खरा होता. गोल्फच्या भोकाचा व्यास सव्वाचार इंच, तो १८९१ मध्ये सेंट अँड्र्यूजवाल्यांनी ठरवून दिला आणि तेव्हापासून जगात सगळीकडे तेवढाच आहे. "ऑगस्टाला सव्वाचार इंच आणि आमच्याकडे काय बादली पुरलीय?" हा त्यांचा आवडता सवाल. ऑगस्टा म्हणजे मास्टर्स स्पर्धेचं मैदान.

त्यांनी अभ्यासच तसा केला होता. स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रून मैदानाचा आठवा होल 'पोस्टेज स्टॅम्प' म्हणून जगप्रसिद्ध आहे, का तर ग्रीन टपालाच्या तिकिटाएवढं. लांबी १२३ यार्ड. ब्रिटिश ओपनमध्ये १९७३ साली जीन सॅराझनने वयाच्या ७१ व्या वर्षी तिथे एका टोल्यात चेंडू घातला. "आता १२३ आणि ८४. फरक किती? ३९ यार्ड! एवढ्यासाठी त्याचं नाव इतिहासात आणि माझं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर?" ३९ यार्ड ते असे म्हणायचे, जणू कोटेशनमधली शेवटची दोन टक्के सूट मागताहेत. सॅराझनच्या भोवती मुरलेले बंकर होते आणि समुद्राचा वारा होता, हे मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "आमच्याकडे घसरगुंडी आहे."

त्यांचं हुकमी पान मात्र जॅक निकलस. मास्टर्सच्या आदल्या दिवशी ऑगस्टाला एक छोटी स्पर्धा होते, पार-थ्री काँटेस्ट. वेगळं मैदान, नऊ होल मिळून १,०६० यार्ड. २०१८ मध्ये तिथे निकलसचा पंधरा वर्षांचा नातू आजोबांचा कॅडी म्हणून आला होता. शेवटच्या होलवर आजोबांनी टोला मारायला त्यालाच पुढे केलं आणि पोराने होल-इन-वन मारला. सहा वेळा मास्टर्स जिंकलेला तो म्हातारा रडला. मास्टर्स जिंकल्याची हिरवी जाकिटं क्षणभर कपाटात ठेवली तर गोल्फच्या मैदानावर याहून खास दिवस आपल्या वाट्याला आला असेल असं वाटत नाही, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. हे सांगताना एकटोल्यांचाही आवाज जड व्हायचा. निकलसला पटलं, बँकवाल्यांना पटत नाही!

बँकवाल्यांनीही घरी जाऊन अभ्यास केला. दुसऱ्या दिवशी येताना ते चिठ्ठी घेऊन आले. त्याच पार-थ्री स्पर्धेत २०१६ साली नऊ होल-इन-वन लागले होते. रिकी फाउलर आणि जस्टिन थॉमस यांनी तर एकाच होलवर लागोपाठ मारले. "एका दिवसात नऊ," बँकवाले म्हणाले, "याला पराक्रम म्हणायचं की हंगाम?"

एकटोले दोन दिवस मैदानावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन आले. १८० यार्डांवरून भोकाचा नेम कुणी धरतच नाही, चेंडू ग्रीनवर पडला तरी देवाचे आभार मानतात. म्हणजे तिथला एस निव्वळ नशिबाचा. ८४ वरून आपण खरोखर काठीवर नेम धरतो, म्हणून इथला एस कौशल्याचा. युक्तिवाद पक्का होता, पण त्याला मागचं दार होतं आणि बँकवाले बरोबर त्यातून शिरले: "नेम धरला होता ना? मग पुन्हा कधी?" नशीब म्हणावं तर पेढे कशाचे, आणि कौशल्य म्हणावं तर तो टोला पुन्हा मारून दाखवावा लागणार. या कात्रीत माझ्या माहितीतला प्रत्येक एकटोले सापडलेला आहे.

मधल्या काळात त्यांच्या जुन्या कंपनीतला एक जपानी पाहुणा चहाला आला होता. जपानमध्ये होल-इन-वन मारणाऱ्याने मित्रांना जेवण आणि भेटवस्तू द्यायची एवढी रीत आहे, की त्या खर्चाचा लोक विमा उतरवतात. पाहुण्याने काचेची पेटी पाहून उठून वाकून अभिनंदन केलं आणि आपुलकीने विचारलं की मैदानाचा पार किती. तिकडच्या विम्याला नऊ होलचा पार निदान ३५ लागतो. २७ ऐकल्यावर तो पुन्हा एकदा वाकला, पण या वेळचं वाकणं सांत्वनाचं होतं.

शेवटची आशा होती ती हँडिकॅपच्या नव्या नियमांची. २०२४ पासून नऊ होलचं मैदान ७५० यार्ड भरलं तरी त्याला अधिकृत रेटिंग मिळू शकतं. म्हणजे सरकारी शिक्का! एकटोल्यांनी माळ्याच्या हातात टेपचं एक टोक दिलं आणि सगळं मैदान मोजलं. भरलं ७१० यार्ड. मग त्यांनी चटईच्या पुढच्या कडेऐवजी मागच्या कडेपासून मोजलं. मग सोसायटीच्या कमिटीला पत्र दिलं, की तिसऱ्या होलची टी पार्किंगमध्ये चाळीस यार्ड मागे घ्यावी. दोन गाड्यांचे मालक विरोधात गेले आणि गोल्फचं भवितव्य एजीएममध्ये अडकलं.

हे सगळं चालू असताना एका शनिवारी सहाव्या होलवर बँकवाल्यांनी नाइन आयर्न काढलं. लांबी पाहता हा क्लब चुकीचा, पण वेज त्यांनी नातवाला दिला होता. चेंडूच्या डोक्यावर टोला बसला. चेंडू जमिनीवरून सरपटत निघाला, माळ्याच्या पाइपावर आपटला, वळला, ग्रीनवर चढला आणि काठी व भोकाची कड यांच्यामध्ये जाऊन अडकला. अर्धा वर, अर्धा खाली.

सगळ्यात आधी एकटोले पोचले. गुडघ्यावर बसून त्यांनी चेंडूची अशी तपासणी केली की कधी काळी आलेल्या मालाचीही केली नसेल. "आत नाही," त्यांनी निकाल दिला. मी मोबाइलवर नियम काढून दाखवला: काठीला टेकलेल्या चेंडूचा थोडासा भाग जरी भोकात जमिनीच्या पातळीखाली असला, तरी चेंडू आत गेला असं धरतात. एकटोल्यांनी नियम दोनदा वाचला. मग पाइपाचा विषय काढला. पाइप स्थिर होता की हलता? माळी म्हणाला, साहेब, तुमच्या वेळीही मी इथेच उभा होतो. मग त्यांनी टेप मागवला. त्या आठवड्यात ग्रीनच्या मागच्या भागात गवत जळल्यामुळे भोक पुढे पाडलं होतं, टीची चटईही दुरुस्तीसाठी पुढे सरकवली होती. माप निघालं ७१ यार्ड.

"एकाहत्तर!" एकटोले चटईवर उभे राहून म्हणाले. "याला काय अर्थ आहे? गोल्फमध्ये काहीतरी किमान अंतर हवं की नको? माझ्या मते ऐंशी तरी धरावं."

बँकवाल्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी चेंडू पुसून खिशात ठेवला होता आणि फोनवर नागपूरच्या मेहुण्याला सांगत होते, "हो हो, एकाच टोल्यात. अंतर? अंतर बघ, दोनशे तेरा फूट."