प्लस-मायनस

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला 'रिसर्च' करून आलेला बीएस्सीचा पोरगा तुमच्या ओळखीत असेलच. आमच्या देवगाव रंगारीतला नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो.

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रात तो दोन महिने होता. नारायणगावजवळ खोडदला त्यांच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. याला काम दिलं पल्सार नावाच्या ताऱ्यांचे ठोके मोजायचं. गेला तेव्हा धड होता. आला तो प्रत्येक आकड्याला शेपूट लावत.

"भाकरी किती टाकू रे?"

"तीन. प्लस-मायनस एक."

आईनं चार टाकल्या, दोन उरल्या. हा खूश! "बघ, एररमध्येच आहे."

लग्नाची पत्रिका आली. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटं. यानं नवरदेवाच्या बापालाच विचारलं, "यात एरर किती धरलीय?" बाप चिडला. (अक्षता सव्वादोनला पडल्या, ही गोष्ट वेगळी.)

एकदा मीच वैतागलो. "अरे, शास्त्रज्ञ ना तुम्ही? मग नक्की काय ते सांगा!"

"काका, चूक किती असू शकते ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थच नसतो." पुढे अर्धा तास पल्सार. १९६७ साली केंब्रिजला जोसलिन बेल नावाच्या विद्यार्थिनीला कागदाच्या पट्टीवर जराशी खरवड दिसली. दुसऱ्या कुणी कचरा म्हणून सोडली असती. ही मागे लागली, दर १.३३७ सेकंदाला एक ठोका निघाला. १९७४ चं नोबेल मात्र तिच्या गुरूला.

"त्यात एरर किती?" मी विचारलं. कार्टं पहिल्यांदाच गप्प बसलं.

दुसऱ्यांदा गप्प केलं बापानं. अद्रक काढायची होती, काय भाव मिळेल म्हणून पोराला विचारलं. यानं मागच्या काही वर्षांचे भाव मांडले, आलेख काढला, डोकं धरलं. "बाबा, एवढी एरर असेल तर ते मोजमापच नाही."

"व्हय? मंग तुझी फी कशावर भरली म्या?"

आता पुढच्या उन्हाळ्याचे फॉर्म निघालेत आणि हा रोज संध्याकाळी कॉलेजातल्या पोरापोरींना धरून बसतो. शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचं, 'मला संशोधन का करायचंय' त्यात काय लिहायचं, काय नाही. स्वतःच्या वेळी यातलं सांगणारं कुणी नव्हतं, हे तो बोलत नाही. शेवटच्या तारखेला मात्र प्लस-मायनस नसतं म्हणून रात्री-अपरात्री लोकांची दारं वाजवतो. आमचंही वाजवलं. प्रिंटर आमच्याकडे आहे ना.

परवा एका मुलीचा बाप आला. फॉर्मवर सही करायला पेन उघडलं आणि विचारलं, "पोरगी परत कधी येईल?"

"दोन महिन्यांनी. प्लस-मायनस आठ दिवस."

पेन बंद. "आठ दिवस कुठं असंल मंग ती?"

शेवटी मीच मध्ये पडलो. "बरोबर साठाव्या दिवशी घरी. मी लिहून देतो." बापानं सही केली. पोरीनं सुटकेचा श्वास सोडला.

आणि हा माझ्याकडे असा बघतोय, की मी दिवसाढवळ्या दरोडा घातला. "काका, साठच कशावरून?"