फाइलीच्या हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमचे मामा केसांना तेल लावतात, इस्त्रीचा सदरा चढवतात आणि आपण अजून मेलेलो नाही, हे सांगायला बँकेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं गुरुजी होते. जन्मभर हजेरी घेतली, आता द्यावी लागते.

यंदा मी सोबत होतो. यंत्रावर आधी उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा. मग डावा. पुन्हा लाल. खिडकीमागच्या मुलीने कागदी रुमाल दिला, अंगठा पुसून झाला, फुंकर मारून झाली. रांगेतल्या एका अनुभवी गृहस्थांनी सुचवलं, "डोक्याला घासा, तेल लागलं की येतो." मामांनी घासला. दिवा लालच. इतकी वर्षं खडू धरून अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या असाव्यात.

शेवटी मोबाइल बाहेर आला. चेहरा दाखवून हयात ठरण्याची सोय 2021 पासून झाली आहे. "आजोबा, इकडे बघा आणि डोळे मिचकावा." मामांनी एक डोळा मारला. मुलगी हसू दाबत खाली बघायला लागली, रांगेला तेवढीच करमणूक, आणि बाकावर बसलेल्या मामींच्या तोंडून नुसतं "अहो!" निघालं. "दोन्ही आजोबा, दोन्ही." दोन्ही मिटले, पण मोतीबिंदू काढून पंधराच दिवस झालेले. उघडेपर्यंत ॲपने वाट पाहणं सोडलं. चौथ्या खेपेला सरकारची खात्री पटली.

आम्ही हसत बाहेर आलो, कारण मामांच्या पापण्या हलतात. ज्यांच्या हलत नाहीत त्यांचं काय? ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून 2023 मध्ये बँकेत खातं उघडायला गेल्या, तर यंत्राला त्यांचे डोळे मिचकावून हवे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 एप्रिल 2025 ला न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सरकारला 20 निर्देश दिले. पापणी न लवताही माणूस जिवंत असू शकतो, एवढं कबूल करून घ्यायला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

दिव्यांगांची परीक्षा तर याहून कडक. दहावीला 35 टक्क्यांत पास होता येतं, इथे बहुतेक सवलतींना 40 लागतात. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, हे चांगलंच झालं. पण प्रकार वाढले म्हणून तपासणारे डॉक्टर थोडेच वाढतात? जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या बोर्डाचा वार ठरलेला. त्या वारी कानाचे डॉक्टर रजेवर असले की ऐकू न येणाऱ्याला तसं ओरडून सांगायचं आणि पुढच्या वारी बोलवायचं. गुडघ्याखाली पाय नसलेला माणूस बोर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणून जिन्याच्या कठड्याला धरून चढताना मी पाहिला आहे. तो वर पोहोचला, हेच त्याच्या विरुद्ध जाईल की काय, अशी भीती मला वाटली.

त्यातही कमाल 2024 च्या सुधारित नियमांची. प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी एक महिना होती, ती तीन महिने झाली. ठीक आहे, कामं असतात. पण अर्जावर दोन वर्षांहून जास्त काळ निर्णयच झाला नाही तर? तर अर्ज निष्क्रिय! झोपलं कार्यालय आणि गतप्राण झाला अर्ज. मग अर्जदाराने नवा अर्ज करावा किंवा जुन्यात प्राण फुंकण्याची विनंती करावी. सुतक त्यानेच पाळायचं.

कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांकडे तर बघवत नाही. ईपीएस-95 या पेन्शन योजनेखाली किमान पेन्शन 1000 रुपये, हे सप्टेंबर 2014 पासून लागू झालं. त्यानंतर डाळ हलली, तेल हललं, गॅस तर नाचला. वर्षानुवर्षं त्या हजाराने काही पापणी हलवली नाही. त्याला मात्र कुणी हयातीचा दाखला मागत नाही.

पेन्शन ही मेहेरबानी की हक्क, हा विषय सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच निकालात काढला होता. 17 डिसेंबर 1982 ला नाकारा खटल्यात, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने बजावलं की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नव्हे, तो हक्क आहे. म्हणून 17 डिसेंबरला पेन्शनर दिन असतो. तारीखही सोयीची. नोव्हेंबरात हयात ठरलेल्यांना डिसेंबरात सत्कार घेता येतो.

मामांचा मात्र सत्कारापेक्षा फरकाकडे डोळा. निवडश्रेणीचा फरक धरून सुधारित पेन्शनचा प्रस्ताव गेला, त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी त्रुटी निघाली: सेवापुस्तकात 1991 च्या वेतनवाढीवर तेव्हाच्या साहेबांची सही नाही. साहेब वारलेले. "मग त्यांच्याकडून नाही, तर दुसऱ्या कुणाकडून तरी आणा," असा मार्ग निघाला. दुसऱ्या वर्षी टेबल बदललं. तिसऱ्या वर्षी टेबल तेच, भाऊसाहेब बदलले.

बँकेतून आम्ही तसेच प्रस्ताव अडकलेल्या त्या कार्यालयात गेलो. हयात ठरल्याचा मामांना जोर आला होता.

"गुरुजी, तुमची फाइल आहे ना," भाऊसाहेब म्हणाले. "प्रक्रियेत आहे."

"दाखवता?"

"अहो, वरती आहे."

"वरती म्हणजे?" मामांनी आढ्याकडे पाहिलं. "गेली की काय?"

भाऊसाहेब हसले. चांगला माणूस होता, टेबलावर ढीगही त्याच्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचा. मामांनी मग खिशातून चौकोनी घडी केलेला कागद काढला. रात्री बसून आखलेला तक्ता होता, अक्षर फळ्यावरच्यासारखं वळणदार. फाइलीचं नाव, जन्मतारीख, सध्याचा मुक्काम, शेवटची हालचाल केव्हा, आणि खाली: 'सदर फाइल आज रोजी माझ्यासमोर हयात आहे.' सहीसाठी जागा सोडलेली.

भाऊसाहेबांनी कागद दोनदा वाचला, पेन उचललं, परत ठेवलं.

"घेतो ना गुरुजी," ते म्हणाले. "फक्त याला तुमच्या हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा. दोन प्रती."