अर्जदाराचे नाव

मराठी घरातलं बारसं म्हणजे देवाच्या कचेरीत दाखल केलेला अर्ज. मसुदा पंचांगातून निघतो, वाचून दाखवायचा मान आत्याचा, पाठीवर धपाटे घालून पोच दिली जाते आणि पेढे वाटून प्रकरण मार्गी लागतं. खुद्द अर्जदार पाळण्यात झोपलेला असतो. त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

जुन्या लोकांचा हिशेब पक्का होता. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. जन्मभर नको ते उद्योग केलेल्या या गृहस्थाला दहा मुलगे, धाकट्याचं नाव नारायण. मरताना त्याने घाबरून पोराला हाक मारली, ती विष्णुदूतांनी ऐकली आणि यमदूत हात हलवत परत गेले. मोक्ष एवढ्या स्वस्तात पडतो म्हटल्यावर घरोघरी नारायण, विठ्ठल, गोविंद, पांडुरंग जन्माला आले. पुढे आईबापांनीच त्यांचे नाऱ्या, इठ्या, गोंद्या, पांड्या केले. त्यातले किती अर्ज वर पोचले, कुणास ठाऊक.

ज्यांची मुलं जगत नसत, त्यांचा मसुदा वेगळा: दगडू, धोंडू, कचरू, भिकू. पोर टाकाऊ आहे असं वाटून मृत्यूने दारावरून पुढे जावं, ही युक्ती. त्रिकाळ जाणणाऱ्यांना ‘कचरू’ एवढ्या तीन अक्षरांत चकवता येतं, यावरचा आमचा विश्वास देवावरच्या विश्वासाहून मोठाच म्हणायचा.

अर्ज आपल्याच खात्यात करावा, अशीही तेव्हा अट नव्हती. बखरी सांगतात, मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, मुलगे झाले आणि त्यांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली. आज कुणी असं बारसं केलं, तर बाळाच्या जन्माची नोंद व्हायच्या आत निषेधाचं निवेदन तहसीलदारांच्या टेबलावर पडेल. निवेदनाच्या माथ्यावर शहाजीराजांच्या पुत्राचाच जयजयकार असेल.

नावरस काढायचं, तर २७ नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. त्यात आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’ आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’ येतो. या मुहूर्तांवरही मुलं जन्मतातच. मग गुरुजी घसा खाकरून शेजारचं एखादं सोयीचं अक्षर सुचवतात. ग्रहांची हरकत असल्याचं अजून तरी कुणी कळवलेलं नाही.

हल्लीच्या पालकांना नाव असं हवं की ते वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल, परदेशी साहेबाला उच्चारता येईल आणि अर्थ मात्र देवाचाच निघेल. मोबाइलवर कियान, रेयांश, काहीही टाका. उत्तर येतं, ‘विष्णूचे एक नाव’ किंवा ‘देवाची कृपा’. विष्णूने हजार नावांवर भागवलं होतं, बाकीचा पुरवठा या वेबसाइटी करतात. त्यावर अंकशास्त्री इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवून देतो. देवाला मराठी कळतं, ग्रहांना इंग्रजी लागतं. आजचा अजामिळ शेवटच्या श्वासाला ‘रेयू’ म्हणून हाक मारील, तेव्हा विष्णुदूतांना आधी मोबाइल काढावा लागेल.

या साऱ्या ढिगात एकाच अर्जाचा अर्थ शोधायला वेबसाइट लागली नाही: नकोशी, नकुसा. मुलीमागून मुली झाल्या की शेवटचीचं हे नाव ठेवायचं, म्हणजे देव उमजेल आणि पुढच्या खेपेला मुलगा पाठवील. मुलगा झाला तर नाव फळलं. मुलगी झाली तर देवाचं लक्ष नव्हतं. शाळेत रोज सकाळी हा अर्ज मोठ्याने वाचला जाई आणि अर्जदार उभी राहून ‘हजर’ म्हणे.

२०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुली शोधल्या, तेव्हा अडीचशेहून अधिक निघाल्या. समारंभ करून त्यांना नवी नावं आणि तशी प्रमाणपत्रं देण्यात आली. एखादी सिनेमातली नटी पाहून ऐश्वर्या झाली. अर्जदाराला विचारून नाव ठेवायची वेळ आली, तेव्हा पाळण्याऐवजी सरकारी मांडव लागला. देवाला या प्रकरणात कुणी प्रतिवादी केलं नाही, हे योग्यच झालं. अर्जावर सह्या घरच्यांच्याच होत्या.