वाघ, भिंत आणि ड्रोन

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. यूट्यूबला गाणं टाकणाऱ्या पोरांनी शूटिंगचा नारळ तिच्यापुढेच फोडावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. चौदाशे वर्षांचं आयुष्य, खाली वाघ, हातात सापाचा चाबूक आणि मागे शिष्यांचा लवाजमा, अशा थाटात ते ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले म्हणतात. एंट्री कशी घ्यावी, हे महाराष्ट्राला त्यांच्याइतकं कुणी शिकवलेलं नाही.

आता वाघ मिळत नाही, म्हणून बुलेट असते. तीही उसनी. गावाकडच्या गायकाचा नवा व्हिडिओ येणार असला की आधी पोस्टर येतं. पूर्वी गीत एकाचं, संगीत दुसऱ्याचं, आवाज तिसऱ्याचा, अशी कामाची वाटणी असायची. हल्ली गीत, संगीत, गायन, अभिनय, दिग्दर्शन या पाचही शब्दांपुढे एकच नाव असतं आणि गर्दी सगळी ‘विशेष आभार’मध्ये होते. गाणं तिच्यावर असतं. पण ती दिसते चारदा, तीही पाठमोरी. बाकी वेळ गायक गॉगल लावून उसाच्या कडेने स्लो मोशनमध्ये चालत येतो. तो येतो कुठून आणि निघालाय कुठे, हे गाणं संपेपर्यंत कळत नाही. मग ड्रोन वर जातो. नदी दिसते, घाट दिसतो, शिर्डीकडे फुटलेला रेल्वेचा फाटा दिसतो, आणि ज्याचं काळीज तुटलंय तो मुंगीएवढा होतो. ड्रोनला विरह कळत नाही, फक्त उंची कळते.

तरी मला या पोरांना हसवत नाही. निदान फार वेळ तरी. कारण वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांना आपण कितीतरी वर्षं लपवूनच ठेवलं. मराठी बोलपटाची सुरुवात खरं तर बरी झाली होती. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ला गोविंदराव टेंब्यांचं संगीत होतं आणि ते स्वतः पडद्यावरही होते. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. ज्याचं तोंड त्याचाच गळा, आणि गाणं शूटिंग चालू असतानाच टिपायचं. साजिंदे मात्र कॅमेऱ्याला दिसता कामा नयेत, म्हणून झाडाआड, पडद्याआड बसायचे. सम गाठायची आणि मानेवर चढलेल्या मुंगीला हातही लावायचा नाही, अशा अवस्थेतला तबलजी मला नेहमी डोळ्यांसमोर येतो. 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्येही विष्णुपंत पागनीस स्वतःच गायले. ते गाताना अभिनय करतायत की अभिनय करताना गातायत, हे अजून सांगता येत नाही. मग पार्श्वगायन आलं आणि गाणारा काचेच्या खोलीत गेला. ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा. आजचा पोरगा प्रत्येक फ्रेममध्ये स्वतःच उभा राहतो, तेव्हा तो बहुधा मागच्या सगळ्या गायकांची थकबाकी वसूल करत असतो.

प्रश्न आहे तो वाघाचा. चांगदेवांची ती भव्य स्वारी आली तेव्हा तीन भाऊ आणि एक बहीण भिंतीवर बसली होती. ज्ञानेश्वरांनी ती भिंतच चालवली. ना वेशभूषा, ना प्राणी, ना लोकेशन बदल. 1940 मध्ये दामले-फत्तेलाल यांनी ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ती चालती भिंत पडद्यावर आणली, तेव्हा ‘प्रभात’ला बराच खटाटोप करावा लागला असणार, मूळ कल्पना मात्र अशी की घरबसल्या व्हावी.

आणि होतेही. 2006 मध्ये अमेरिकेतल्या ओके गो नावाच्या बँडच्या चौघांनी आठ ट्रेडमिल मांडल्या आणि एकाच सलग शॉटमध्ये त्यांच्यावर नाचून व्हिडिओ केला. कॅमेरा जागचा हलला नाही. बसवला होता गायकाच्या बहिणीने, आणि पुढे त्याला ग्रॅमीही मिळालं. त्याच्याही आधी, 1965 मध्ये, बॉब डिलन लंडनच्या एका बोळात शब्द लिहिलेले पुठ्ठे घेऊन उभा राहिला आणि गाणं पुढे जाईल तसा एकेक टाकत गेला. ओठही हलवले नाहीत. कल्पना त्याचीच, पुठ्ठ्यांवरच्या अक्षरांतही त्याचा हात होता.

आपल्याकडचं ताजं उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं. (तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव गावही त्याच जिल्ह्यातलं, हा योगी कुठे कुठे आडवा येईल सांगता येत नाही.) 2024 च्या ‘गुलाबी साडी’चे शब्द त्याचे, आवाज त्याचा, आणि व्हिडिओतही तोच. पण खरी गंमत अशी की त्या गाण्यातली बाईच आपला फोटो काढायला सांगते. म्हणजे कॅमेरा गाण्याच्या आतच बसलेला. मग ज्या घरात गुलाबी साडी आणि मोबाइल होता तिथे रील झालं. ड्रोन हवाच असं कुणाला वाटलं नाही.

चांगदेवांच्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग वाघाच्या आधीचा आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं तर मायना काय लिहावा? वयाने लहान, अधिकाराने मोठे. शेवटी त्यांनी कोरा कागद पाठवला. त्यावर मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आहे, की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. व्हिडिओखाली इतकी नेमकी कमेंट मी अजून वाचलेली नाही. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, आणि चांगदेवांनी पुढे गुरू केलं ते त्या धाकट्या बहिणीलाच.

तेव्हा पुणतांब्याच्या गायकाने पाचही कामं खुशाल स्वतः करावीत, एडिटिंगला तेवढं बहिणीला बसवावं. गॉगलची पहिली दोन मिनिटं ती न विचारता उडवेल. पोस्टरवर तिच्या नावाला जागा करायला ‘विशेष आभार’मधले एक भाऊसाहेब मात्र कमी करावे लागतील, आणि घोडं तिथेच अडणार आहे, कारण बुलेट त्यांची आहे.